शिट्टीमास्तरांचा बहिष्कार

"महिनाभरात त्या कंपनीला गुडघ्यावर आणलं नाही, तर ही शिट्टी गळ्यातून काढून ठेवीन!"

शिट्टीमास्तरांनी अशी गर्जना केली, तेव्हा मास्तरीणबाई कांदा चिरत होत्या. त्यांचे डोळे चमकले. आता ते कांद्याने की आशेने, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक! कारण मास्तर शाळेत कवायत शिकवून निवृत्त झाले होते, पण शिट्टी काही निवृत्त झाली नव्हती. दूध उतू चाललं की शिट्टी. लिफ्टचं दार उघडं राहिलं की शिट्टी. पाहुणे उठायचं नाव घेईनात, तर मोठ्ठी शिट्टी!

"कुठली कंपनी?" बाईंनी विचारलं.

"कुठली म्हणजे? तीच! सुईपासून सोफ्यापर्यंत सगळं फोनवर विकणारी! दुसरी उरलीय कुठे आता?"

"तिने तुमचं काय घोडं मारलं?"

घोडं नव्हे, स्टूल! मास्तरांच्या स्टुलावरच घाला आला होता.

त्याचं असं झालं. त्यांच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून, बटणमावशींचं दुकान होतं. दुकान एवढं अरुंद की आत दोन गिऱ्हाइकं असली तर श्वास पाळीपाळीने घ्यावा. काचेच्या बरण्यांत बटणं, भिंतीला रिळं, खिळ्यांना लोंबणाऱ्या चेनी आणि इलॅस्टिकची भेंडोळी. आणि काउंटरच्या कोपऱ्याला एक लाकडी स्टूल. ते स्टूल मास्तरांचं. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी चहा झाला की मास्तर तिथे जाऊन बसत, मावशींना पेपर मोठ्याने वाचून दाखवत, मावशींनी न मागितलेले सल्ले देत आणि जेवायच्या वेळेला वर येत. मावशी रिळं गुंडाळता गुंडाळता 'हो का' म्हणत. मास्तरांना या जगात 'हो का' म्हणणारं माणूस तेवढं एकच होतं.

त्या दिवशी सकाळी मावशींनी सुस्कारा सोडला. "बघा ना मास्तर, सकाळपासून चिटपाखरू नाही. असंच चाललं तर एक दिवस कुलूप लावावं लागेल!"

आता हे काय नवीन आहे? दुकान काढलेला प्रत्येक माणूस हे म्हणतोच. धंदा जोरात असला तरी म्हणतो, तेव्हा तर जरा जास्तच म्हणतो. पण मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. कुलूप? मग स्टूल? मग आपण? त्यांनी घाबरून इकडेतिकडे पाहिलं, तर काउंटरच्या मागे छतापर्यंत खोकी रचलेली! प्रत्येक खोक्यावर त्या कंपनीची पट्टी!

"मावशी, हे काय?"

"बिल्डिंगमधल्यांची पार्सलं. दिवसा सगळ्यांच्या दारांना कुलपं, मग डिलिव्हरीवाले माझ्याकडे ठेवून जातात."

"म्हणजे शत्रूचा दारूगोळा तुम्ही आपल्याच किल्ल्यात सांभाळताय?"

"अहो, पण त्याचं असं आहे मास्तर, की संध्याकाळी—"

पण समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं, असं मास्तरांच्या कवायतीत कधी बसलंच नाही. ते केव्हाच जिना चढत होते.

हे सगळं ऐकून मास्तरीणबाईंची सुरी कांद्यातच थांबली.

"दुकान बंद झालं तर सकाळचे तुम्ही कुठे बसणार?"

"घरी."

"रोज?"

"रोज! पेपर तुलाच वाचून दाखवीन."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, मग बघत काय बसलात? लढा!"

रविवारी मास्तरांनी शिट्टी फुंकून सगळी इमारत अंगणात उतरवली. दातांच्या डॉक्टरीणबाई हातात चहाचा कप घेऊनच आल्या. बँकवाले एका पायात चप्पल, एका पायात बूट घालून आले. त्यांना वाटलं आग लागली. वरच्या मजल्यावरचं नवं जोडपं तर घरातले दागिने घेऊन उतरलं.

"आजपासून आपली इमारत त्या कंपनीकडून काडीही घेणार नाही!" मास्तर गरजले. "बटणमावशींच्या दुकानासाठी! फोन बाहेर! एक, अंगठा वर! दोन, ॲपवर टेकवा! तीन, उडवा!"

लोक मुकाट्याने अंगठे टेकवत होते. मास्तरांशी वाद घालायचा म्हणजे शिट्टी कानापाशी ओढवून घ्यायची, हे सगळ्यांना अनुभवाने माहीत होतं. अंगणातल्या अंगणात कंपनीचं पानिपत झालं. एवढी सोपी लढाई मास्तरांनी आंतरशालेय सामन्यांतही जिंकली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून स्टुलावरचा पेपर बंद. मास्तर फाटकात उभे! डिलिव्हरीवाल्याची गाडी वळली की फुर्रर्र! तो बिचारा ब्रेक दाबून हात वर करायचा. एकाने तर घाबरून लायसन्सच काढून दाखवलं! "परत फीर!" मास्तर म्हणायचे. "इथे तुमचं कुणी नाही!"

घरातही कडक अंमल होता. कुकरची रिंग फाटली, तेव्हा बाईंचा हात सवयीने फोनकडे गेला.

"खबरदार! बाजारातून आणतो. बाजार कशासाठी असतो?"

बाजार पाय दुखण्यासाठी असतो, हे मास्तरांना दुपारपर्यंत कळलं. एका दुकानात रिंग नव्हती, दुसऱ्यात होती पण दुकानदार जेवायला गेलेला, तिसरा म्हणाला, "काका, फोनवरून मागवा की!" त्याच्याशी मास्तरांनी कडाक्याचं भांडण केलं. अखेर चौथ्याकडून घामाघूम होऊन रिंग आणली. बाईंनी ती कुकरच्या झाकणाला लावून पाहिली, मग स्वतःच्या डोक्याभोवती धरून पाहिली. डोक्याला बरोबर बसत होती.

"जरा ताणून बसवून बघ. वस्तूला वेळ द्यावा लागतो," मास्तर म्हणाले.

आणि काय आश्चर्य! दोनच दिवसांनी कुकरने खणखणीत शिट्टी दिली. मास्तरांनी आपल्या शिट्टीने तिला उत्तर दिलं. "बघितलंस? बसली की नाही!" बाई घाईघाईने गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेल्या. मास्तरांना तेव्हाच शंका यायला हवी होती.

पंधरवडा असा विजयात गेला. मावशींची खोक्यांची भिंत नाहीशी झाली. आता संध्याकाळी दुकानात गर्दी कशी उसळलीय ते डोळे भरून पाहावं, म्हणून मास्तर प्रथमच आपला रोजचा संध्याकाळचा मैदानावरचा फेरा चुकवून दिवेलागणीला दुकानात गेले. मावशी शाल पांघरून सत्कार करणार नसल्या, तरी निदान कडक चहा सांगतील, अशी त्यांची अपेक्षा होती.

दुकान रिकामं होतं. शटर अर्धं खाली. आत मावशी भिंतीवरची रिळं काढून एका पोत्यात भरत होत्या.

"मावशी! हे काय?"

"आवरतेय. आता खरंच कुलूप लावतेय."

मास्तरांच्या तोंडाचा जो आ झाला, तो मिटेचना. "पण आता तर तुमचे चांगले दिवस सुरू व्हायचे! ती कंपनी हाकलली ना आम्ही!"

"तेच तर!" मावशींनी एक रीळ पोत्यात असं आपटलं की आतली सगळी रिळं दचकली. "अहो, माझा सगळा धंदा संध्याकाळचा होता! पार्सल न्यायला यायचे ना सगळे! आणि फुकट पार्सल सांभाळलं म्हटल्यावर हात हलवत कोण जाईल? लाजेकाजेनं घ्यायचेच काहीतरी. डॉक्टरीणबाई पार्सल नेताना पर्सची चेन टाकून जायच्या. बँकवाल्यांनी तर एवढी बटणं नेलीत, की माणसाला इतके शर्ट असतात का, असा मलाच प्रश्न पडायचा! आता पार्सल नाही, तर माणूस नाही. कोण मेला फाटकात उभा राहून डिलिव्हरीवाल्यांना हुसकावतो, देव जाणे!"

मास्तर घसा खाकरून म्हणाले, "कोण असेल बरं?"

"शिट्टी वाजवतो म्हणे." मावशींनी मास्तरांच्या गळ्याकडे पाहिलं. "आपल्या इमारतीत शिट्ट्या किती जणांकडे आहेत हो मास्तर?"

मास्तर खाली मान घालून उभे राहिले. शिट्टी झाकावी म्हणून त्यांनी तिच्यावर हात ठेवला, तर छातीवर हात ठेवून राष्ट्रगीताला उभे असल्यासारखे दिसायला लागले.

"मी तुमच्यासाठीच केलं, मावशी."

"ठाऊक आहे. म्हणून तर तुम्हाला रागवावंसं वाटत नाही." मावशींचा आवाज एकदम खाली आला. "इतकी वर्षं रोज त्या स्टुलावर बसता. सगळ्या जगाच्या बातम्या मला सांगता. पण मावशी, तुमचं दुकान चालतं कसं, असं एकदा तरी विचारलंत?"

मास्तरांना रडू आवरेना. कवायतीच्या मास्तरांना रडू आवरत नाही, हा इमारतीच्या इतिहासातला पहिलाच प्रसंग होता. ते तसेच अंगणात धावले आणि त्यांनी शिट्टी फुंकली.

सगळे पुन्हा खाली आले. दागिनेही आले.

"सगळ्यांनी ॲप परत घ्या!" मास्तर ओरडले. "आत्ताच्या आत्ता! बहिष्कार मागे! कंपनीकडून मागवायला सुरुवात करा!"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. डॉक्टरीणबाईंनी पुढे होऊन मास्तरांची नाडी धरली. "मास्तर, चक्कर वगैरे येतेय का?"

"मागवा म्हणतोय ना!"

"अहो, पण..." बँकवाले चाचरले. "मागवायला आम्ही थांबलोय कुठे? ॲप त्याच दिवशी जिन्यात परत घेतलं. पार्सलं आता बँकेत येतात."

"माझी दवाखान्यात," डॉक्टरीणबाई नाडी न सोडता म्हणाल्या.

"आमची माहेरी," नवी नवरी म्हणाली.

मास्तरांचे डोळे पांढरे झाले! म्हणजे एवढी कवायत, एवढ्या शिट्ट्या, फाटकातलं ते ऊन, आणि त्या कंपनीच्या केसालाही धक्का लागला नव्हता! आख्ख्या लढाईत पडलं कोण, तर एकट्या बटणमावशी! त्यांनी आधारासाठी बायकोकडे पाहिलं. बायको आभाळाकडे बघत होती.

"तूसुद्धा?"

"कुकरची रिंग," मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या. "बहिणीच्या पत्त्यावर मागवली. तुम्ही आणलेली गॅलरीतल्या कुंडीला घातलीय. छान बसलीय."

त्या संध्याकाळी मास्तरांनी दारोदार फिरून, हात जोडून, सगळ्यांचे पत्ते मावशींच्या दुकानावर परत आणवले. आणि मग काय! आठवड्याभरात खोक्यांची भिंत पुन्हा छताला टेकली. मावशींनी रिळं पोत्यातून काढून भिंतीवर चढवली. संध्याकाळी दुकानात उभं राहायला जागा मिळेना, आणि बँकवाले पुन्हा नसलेल्या शर्टांची बटणं नेऊ लागले.

दिलेला शब्द म्हणजे शब्द. मास्तरांनी शिट्टी गळ्यातून काढून बायकोच्या हातात ठेवली. तिने ती कुठे ठेवली, ते अजून कुणाला सापडलेलं नाही.

मग एका सकाळी मास्तर पेपर काखोटीला मारून, बऱ्याच दिवसांनी, आपल्या हक्काच्या जागेवर बसायला गेले. आणि दारातच थिजले. त्यांच्या स्टुलावर एक हे एवढं थोरलं खोकं बसलं होतं!

"मावशी! माझं स्टूल!"

"कुठे ठेवू? बाकी तिळाएवढी जागा नाही. आणि ते पार्सल तुमच्याच घरचं आहे. बाईंनी मागवलंय."

मास्तरांनी खोकं फोडलं. आत एक स्टूल होतं. गादीचं, पाठ टेकायला मऊ आधार असलेलं, चांगलं दहा-पंधरा वर्षं टिकेल असं दणकट.

त्यांनी तिथूनच बायकोला फोन लावला. "अगं, हे काय?"

"पार्सलं एका स्टुलावर राहू देत, तुम्ही दुसऱ्यावर बसा," पलीकडून प्रेमळ आवाज आला. "आणि हे पाहा, ते दुकानातच ठेवायचं हं. घरी आणलंत तर बघा!"

मास्तर नव्या स्टुलावर टेकले. पेपर उघडला, पण वाचला नाही. आधी थोडा वेळ घुटमळले, मग म्हणाले, "मावशी... तुमचं कसं काय चाललंय?"

मावशींनी रीळ खाली ठेवलं आणि बोलायला सुरुवात केली. जेवायची वेळ झाली तरी त्या बोलतच होत्या, आणि मास्तर 'हो का' म्हणत होते.

उठताना मात्र त्यांची पंचाईत झाली. आपल्या घरचं पार्सल फुकट सांभाळलं म्हटल्यावर हात हलवत कसं जायचं? त्यांनी बरण्यांकडे पाहिलं, खिसा चाचपला आणि अंगातल्या बिनबटणाच्या बनियनकडे नजर जाऊ न देता म्हणाले,

"सहा बटणं द्या. पांढरी."