परातेजी, व्हाया कोर्तोना

आमच्या कॉलनीत सकाळी फिरायला निघणाऱ्याला दोनच गोष्टींची धास्ती असते. एक कुत्र्यांची आणि दुसरी परातेजींच्या गाडीची. कुत्री निदान भुंकून सूचना देतात. परातेजी आपली जुनी पांढरी गाडी घेऊन रस्त्याच्या उजव्या कडेने अगदी शांतपणे समोरून येतात. आपण इकडे व्हावं की तिकडे, हे ठरेपर्यंत गाडी पोटाशी येऊन थांबते, काच खाली होते आणि परातेजी म्हणतात, "घाबरू नको गा, इटलीची प्रॅक्टिस करून राहिलो."

या प्रॅक्टिसमध्ये दूधवाल्याची एक कॅन आडवी झाली. त्याने तेव्हा समस्त इटलीचा जो उद्धार केला, तो तिकडे ऐकू गेला असता तर परातेजींना व्हिसा मिळाला नसता. परातेजींनी मात्र सगळं ऐकून घेतलं आणि त्यालाच समजावलं, "तू चुकीच्या बाजूनं येऊन राहिला होता. तिकडच्या हिशोबानं."

देवराव पराते माझे शेजारी. आमच्या घरांची भिंत एक. वय सत्तरीच्या पुढे. नागपूरला अमरावती रोडवरच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत सगळी नोकरी झाली. कुठला ट्रक कोणत्या रस्त्याने जाईल, कुठे मुक्काम करेल, काय उतरवेल आणि काय भरून परत येईल, हे ते खुर्चीत बसून ठरवायचे. त्यांचे ट्रक गुवाहाटीपासून कोचीपर्यंत हिंडले. परातेजी स्वतः अमरावती रोडवरच राहिले. रिटायर झाल्यावर माणसं देवाकडे नाहीतर गुडघ्यांकडे वळतात, हे इटलीकडे वळले.

इटलीच का, याला कारण आहे. त्यांची एकुलती एक मुलगी मृणाल तिकडे स्पोलेतो नावाच्या छोट्या गावात राहते. शिकायला गेली, तिथेच नोकरी लागली, तिथलाच नवरा केला. आई वारली तेव्हा येऊन गेली. तेव्हापासून दर रविवारी फोनवर तिचं एकच टुमणं असतं, "बाबा, या ना." आणि परातेजींचं एकच उत्तर, "येतो ना वं. रस्ता बसवून राहिलो."

हा रस्ता बसवण्याचा कार्यक्रम गेली काही वर्षं चालू आहे. इटलीचा मोठा नकाशा त्यांच्या जेवणाच्या टेबलावर काचेखाली पसरलेला असतो आणि काचेवर ते मार्करने रेघा ओढतात. पहिला रस्ता सरळ होता. रोमला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची आणि दोनेक तासांत पोरीच्या दारात. मग एक दिवस त्यात ओर्विएतो आलं. "रस्त्यात पडते," ते म्हणाले. मी नकाशात वाकून पाहिलं. रस्त्यात पडत नव्हतं, रस्ता वाकडा करून पाडलं होतं.

त्यानंतर पिएन्झा आलं, मग कोर्तोना. "कोर्तोना म्हणजे त्यांचं रामटेक समज. पहाडावर गाव, खाली शेती. दोन दिवस पाहिजेच." एकदा सावजी रश्शाचा थेंब काचेच्या फटीतून आत गेला आणि पिएन्झाच्या शेजारी लाल तलाव तयार झाला. परातेजींनी तो पुसला नाही. रस्ता त्याला वळसा घालून नेला आणि वळशावर आणखी एक गाव सापडलं म्हणून खूश झाले. दर वर्षी रेघ लांब होत गेली आणि स्पोलेतो तिच्या टोकाला लटकत राहिलं.

"परातेजी, लोक हायवेने जातात," मी म्हणायचो.

"हायवे ट्रकाचा राहते, माणसाचा नाही. माणसानं आरामात जावं. गावात थांबावं, चौकात बसावं."

हे आरामात जाणं म्हणजे काय, ते आम्ही मागच्या हिवाळ्यात भोगलं. परातेजींनी काटोलपर्यंत ट्रायल घेतली. आमच्याकडून काटोलला नाश्ता करून निघालं तर जेवायच्या आधी परत येता येतं. परातेजींनी मला आणि माझ्या बायकोला, वर्षाला, सकाळी गाडीत घातलं आणि मोठा रस्ता सोडून आडवाटेवरच्या गावांमधून न्यायला सुरुवात केली. प्रत्येक गावात गाडी थांबायची. प्रत्येक चौकात चहा व्हायचा. चहा झाल्यावर आम्ही उठायला लागलो की म्हणायचे, "बसा. इटलीत असेच बसतेत. काही करायचं नाही."

तिसऱ्या चौकात एका म्हाताऱ्याने विचारलं, "कोणाकडे आले जी?"

"कोणाकडेच नाही. पाहून राहिलो गाव."

म्हातारा आमच्याकडे बराच वेळ पाहत बसला. मग कोणाला तरी बोलवायला गेला. गावात जमीन बघायला कोणीतरी नागपूरचे साहेब आलेत अशी बातमी झाली आणि पाच मिनिटांत आम्हाला तीन शेतं दाखवायला तीन जण तयार. तिथून आम्ही निघालो ते इटलीच्या वेगाने नाही, नागपूरच्या.

काटोलला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मला वाटलं, सुटलो. पण परातेजी तडक संत्र्यांच्या बाजारात शिरले आणि क्रेटवर क्रेट भरून घ्यायला लागले. डिकी भरली, मागची सीट वर्षापुरती जागा सोडून भरली. वर्षाने एक क्रेट मांडीवर घेतली आणि माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर लग्नाला इतकी वर्षं झालेल्या कोणालाही ओळखता येईल.

"काका, इतकी संत्री खाणार कोण?" तिने विचारलं.

"खायचा सवाल नाही. रिकामी, खाली गाडी वापस आणायची नसते. गेली भरून तर आली भरून. रिटर्न लोड नसंल त गाडी सोडायचीच नाही, हा आमचा कायदा होता."

पुढचा आठवडाभर सारी कॉलनी संत्री खात होती. दूधवाल्यालाही दिली. त्याने मागचं सगळं माफ केलं.

या वर्षी मात्र मृणाल इरेला पेटली. "तारीख सांगा, तिकीट मी काढते," म्हणाली. त्या रविवारी संध्याकाळी परातेजींनी मला बोलावलं. मला वाटलं, तारीख ठरली. जाऊन पाहतो तर काचेवर आणखी दोन गावं वाढलेली, बेवान्या आणि मोंतेफाल्को. दोन्ही स्पोलेतोच्या अगदी उंबऱ्यावर. आणि दोन्ही ठिकाणी मुक्काम.

माझं डोकं सटकलं. "परातेजी, इथून पोरीचं घर हाकेच्या अंतरावर आहे. ती तिकडे वाट पाहत बसणार आणि तुम्ही शेजारच्या गावात चौकात बसणार? जायचं नसेल तर तिला सरळ सांगा ना."

परातेजी फडकं घेऊन काच पुसायला लागले, जिथे काही लागलेलं नव्हतं तिथे.

"जायचं काहून नाही गा," ते मग म्हणाले. "पण पोचलं का वापसी सुरू होते."

त्यांनी फडक्याची घडी घातली.

"तिच्या आईच्या वेळेस आली होती. तिले एअरपोर्टवर सोडलं अन् गाडी घेऊन घरी आलो. साऱ्या रस्त्यानं बाजूची सीट खाली. मी उभ्या नोकरीत एक गाडी खाली येऊ देल्ली नाही, प्रकाश. अन् स्वतःची आणली. आता तेच काम पुन्हा तिकडून एवढ्या लांबून करायचं. नाही होत माझ्यानं."

मला फार वाईट वाटलं. मी बेवान्या चांगलं गाव दिसतं असं काहीतरी म्हणालो आणि घरी आलो.

वर्षाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं खाली ठेवून तिने मृणालला फोन लावला आणि मी आठवडाभर ज्याचा विचार करत बसलो असतो, ते दोन वाक्यांत सांगून टाकलं. पलीकडून मृणाल म्हणाली, "अहो वहिनी, माझी केवढी सुट्टी साठलेली आहे. मी येते ना त्यांच्यासोबत परत, महिनाभर राहीन. बाबांनी ये म्हणून एकदाही म्हटलं नाही. मला वाटलं, त्यांना फिरायचीच हौस आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर थापा पडल्या. परातेजींची ही मला बोलवायची पद्धत. गेलो तर टेबलावरची काच लख्ख पुसलेली. सगळी गावं, सगळे मुक्काम गायब. रोमपासून स्पोलेतोपर्यंत एकच जाड रेघ, तीही हायवेवरून. लाल तलावाच्या आसपाससुद्धा काही नव्हतं.

"हे काय?" मी म्हणालो. "हायवे तर ट्रकाचा ना?"

"असू दे. उतरलो का सरळ पोचतो."

"आणि ओर्विएतो? पिएन्झा? कोर्तोनाला तर दोन दिवस पाहिजेच होते."

परातेजींनी मार्करचं टोपण काढलं आणि स्पोलेतोपासून उलट्या दिशेने, सावकाश, एक वाकडीतिकडी रेघ ओढायला घेतली.

"ते सारं येतानी," ते म्हणाले. "येतानी पोरगी राहीन बाजूले. आरामात येऊ."