बाकाबाकाने हांगचौ

कुठल्याही गावाचं नाव काढा, दामलेकाका पहिला प्रश्न विचारणार, "बसायची सोय काय?" तिथे बघायचं काय, खायला काय मिळतं, हे सगळं नंतर. जपानात, आमच्या हिगाशी-कसाई भागातल्या बिल्डिंगमधलं एक नवं जोडपं निक्कोला जाऊन आलं आणि हौसेने देवळांचे फोटो दाखवायला लागलं. काकांनी एक फोटो मोठा केला, देऊळ बाजूला सारलं आणि कोपऱ्यातल्या बाकावर बोट ठेवून विचारलं, "ह्याला पाठ आहे की नुसतीच फळी?"

ऑफिसात ह्याच माणसाला 'दामले-सान' म्हणतात आणि फार मानतात. मी त्यांच्याच मजल्यावर राहते, आणि एकदा कंपनीच्या कामाने चीनमधल्या हांगचौला जाऊन आले होते. एवढा गुन्हा पुरला. उन्हाळा जवळ येऊ लागला तशी मी काकांच्या तावडीत सापडले.

त्याचं असं झालं, काकूंच्या जपानी भाषेच्या वर्गात हांगचौची एक बाई होती. तिने तिथल्या मोठ्या तळ्याचं आणि त्यातल्या कमळांचं इतकं वर्णन केलं, की काकू घरी येऊन तेच सांगत बसायच्या. पण काका "जाऊया का?" म्हणाले, की काकूंचं उत्तर ठरलेलं, "बघू." काकूंचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक. त्या 'बघू'चं 'हो' व्हावं म्हणून काकांचा सगळा खटाटोप चालला होता.

मी त्यांना चार दिवसांचा झकास कार्यक्रम आखून दिला. सकाळी तळं, दुपारी देऊळ, संध्याकाळी चहाचे मळे. काकांनी वाचला आणि परत दिला. "ही पोलीस भरती आहे," म्हणाले. त्यांच्या कार्यक्रमात एका दिवशी एकच गोष्ट. पहिला दिवस तळ्याकाठी, म्हणजे नुसतं तळ्याकाठी. दुसऱ्या दिवशी तळ्यातून जाणारा बांध, तोसुद्धा सलग नाही, बाकाबाकाने. तिसऱ्या दिवशी पॅगोडा. तिथे चक्क सरकता जिना आहे हे माझ्याकडून कळल्यावर त्यांना झालेला आनंद पगारवाढीनेही झाला नसेल. चौथा दिवस राखीव.

"कशासाठी राखीव?" मी विचारलं.

"दमण्यासाठी. माझे गुडघे जेवढं दाखवतील तेवढंच मी बघणार."

खरं सांगते, मला राग यायचा. काकूंसारखी हौशी बाई, आणि ह्या माणसाच्या दुखऱ्या गुडघ्यांपायी 'बघू' म्हणत घरात अडकून पडलेली.

त्यात जपानात राहून राहून काकांना तालमीचं वेड लागलंय. भूकंपाची तालीम होते, आगीची होते, मग सहलीची का नको? एका रविवारी आम्ही तिघं कसाईच्या समुद्रकाठच्या बागेत हांगचौला गेलो. समुद्र म्हणजे तळं. तिथला मोठा आकाशपाळणा म्हणजे पॅगोडा. मी म्हणजे गाइड, छत्री उंच धरून पुढे चालणारी. येणारेजाणारे जपानी लोक नम्रपणे बाजूला होत होते. जरा चाललं की काका गुडघा धरायचे, "आई गं" म्हणत बाकावर टेकायचे. काकू शेजारी बसायच्या आणि मला सांगायच्या, "बघ बाई, असं आहे ह्यांचं."

असं दोन-चार वेळा झालं आणि काकूंच्या लक्षात आलं, आपला चष्मा मागच्या बाकावर राहिला. जपानात बाकावरच्या चष्म्याला कोण हात लावतंय? पण काका उठले आणि सुटले. चक्क धावत सुटले. व्यायामाला आलेल्या दोन तरुणांना त्यांनी मागे टाकलं. मी छत्री धरून बघतच राहिले.

"ठणठणीत आहेत गं ह्यांचे गुडघे," काकू शांतपणे म्हणाल्या. "मला माहितीये."

मग त्यांनी सांगितलं. गेल्या वर्षी आजारी पडल्यापासून काकूंना चालताना दम लागायचा. क्योतोच्या सहलीत एका चढावर सगळा ग्रुप त्यांच्यासाठी खोळंबला. कोणी चकार शब्द काढला नाही, पण काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर त्यांनी सांगून टाकलं, की आता मी कुठेही येणार नाही, माझ्यापायी कुणाला थांबायला नको.

"त्याच आठवड्यात ह्यांचा गुडघा दुखायला लागला," काकू म्हणाल्या. "तेव्हापासून आम्ही कुठेही बसलो, तरी ह्यांच्यासाठी बसतो. मला कळलंय हे बोलू नकोस हं. इतके मनापासून लंगडतात."

तेवढ्यात काका परत येताना दिसले. पळतच होते. आम्ही दिसल्यावर त्यांना गुडघा आठवला. लंगडत आले, चष्मा काकूंच्या हातात दिला आणि धपकन बाकावर बसले.

काकूंनी चष्मा पदराने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि समुद्राकडे बघत विचारलं, "कमळं कधी फुलतात म्हणालात?"

"जुलैत."

"मग काढा तिकिटं."

काका लगेच फोन काढून तारखा बघायला लागले.

"पण तुमच्या गुडघ्यांना झेपेल ना?" काकूंनी विचारलं.

"तू बरोबर असलीस तर झेपेल."

काकू उठल्या आणि त्यांनी हात पुढे केला. "चला, मी धरते तुम्हाला." काकांनी तो हात घट्ट धरला, आणि त्याच्यावर जराही भार न टाकता, कण्हत कण्हत उठले.