लंडनची साखर, वाशीचं खापर

ही गोष्ट शब्दन्‌शब्द खरी आहे. तुळशीचं पान हातात धरून सांगतो. (आमची तुळस मी घातलेल्या खतामुळे त्याच वर्षी गेली, त्यामुळे हातात आहे ते शेजाऱ्यांच्या मनीप्लँटचं पान. भावना तीच.) साल चौऱ्याऐंशी. किंवा त्र्याऐंशी. वार मात्र नक्की रविवार, कारण त्या दिवशी ऑफिसला जायला मला फार आवडलं असतं.

वाशीला आम्ही वन रूम किचनमध्ये राहत होतो. आम्ही म्हणजे मी, माझी बायको वैजयंती आणि तिची धाकटी बहीण अरुणा. अरुणाला इकडे नोकरी लागली म्हणून ती चार दिवस राहायला आली, त्याला सोळा महिने झाले होते. खोलीत दोघी बहिणी झोपत आणि मी गॅलरीत. वाशीचे डास ज्यांनी पाहिलेत त्यांना मी अधिक काही सांगत नाही. अरुणाचं लग्न ठरलं की माझी गादी आत, इतकं सोपं गणित होतं. पण अरुणाने सहा मुलं नाकारली होती.

सातवा सुधीर. तळोज्याच्या एका कारखान्यात केमिस्ट. रविवारी चार वाजता आईवडिलांना घेऊन येणार होता. वैजयंती म्हणाली, पोहे काय, सगळेच करतात, आपण केक करू. बिनअंड्याचा, कारण आमच्या घरात अंडं येत नाही आणि त्यांच्या घरात कांदासुद्धा येत नाही. 'मुलगी केक उत्तम करते' असं पत्रही त्यांना गेलं.

केकसाठी काढली लंडनची तपकिरी साखर. माझा मेहुणा श्यामसुंदर याने ती पाठवली तेव्हा ओल्या वाळूसारखी मऊ होती. महिनाभरात डब्यात तिची वीट झाली होती.

"जाऊ दे, मी आपली पांढरी घालते," वैजयंती म्हणाली.

"लंडनची साखर घरात असताना अरुणाच्या पाहुण्यांना रेशनची? मी मऊ करून देतो."

"तुम्ही?"

त्या एका 'तुम्ही'त तुळस होती, इस्त्री होती आणि शेजाऱ्यांचा रेडिओही होता. मी तिकडे दुर्लक्ष केलं.

कारण उपाय मला पक्का ठाऊक होता. भाजलेल्या मातीचा तुकडा पाण्यात भिजवायचा, पुसायचा आणि साखरेच्या डब्यात टाकून झाकण घट्ट लावायचं. माती हळूहळू ओल सोडते, साखर ती घेते. अडचण एकच होती. आमच्या नव्या शहरात माती कुठे? बिल्डिंग सिमेंटची, भांडी स्टीलची, कुंड्या प्लास्टिकच्या. म्हणून गुरुवारी संध्याकाळी जुन्या वाशी गावात गेलो.

तिथे दमयंतीबाई कोळीण ओट्यावर बसल्या होत्या. त्या आमच्या बिल्डिंगमध्ये मासळी घेऊन येत आणि आमच्या दारावरून नुसत्या हसून पुढे जात. त्यांच्या अंगणात एक फुटकं मडकं पडलं होतं.

"दमयंतीबाई, यातला तुकडा नेऊ का?"

"न्या की. पन कश्याला पायजे?"

"साखर मऊ करायला."

"साकर? आवो भाऊ, त्या मडक्यान आमी—"

"मडक्यात काहीही असो. माती सच्छिद्र हवी, बस."

"तुमाला ठावं हाय तर मंग झालं. पन धुवा बरं. लय धुवा. आनि भाऊ, पान्यान घातलं का त्यो—"

"पाण्यातच तर घालणार आहे."

"मंग काय बोलनार," असं म्हणून त्यांनी तुकडा दिला आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आदराने.

रविवारी सकाळी डबा उघडला. साखर अशी मऊ की बोट टेकवलं तर तळाला पोचलं.

"खरंच की हो," वैजयंती म्हणाली. लग्नानंतर नऊ वर्षांनी आलेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र. पाठोपाठ म्हणाली, "खिडकी लावा बघू. आज खाडीचा वास फार येतोय."

मी खिडकी लावली. वाशीकराचं नाक अशा बाबतीत तक्रार करत नाही.

पावणेचारला केक ओव्हनमध्ये फुगत होता. शेजारच्या चांगुणाबाईंनी दार वाजवलं.

"वहिनी, सुकट भाजताय? तुम्ही कधीपासून खायला लागलात?"

दमयंतीबाईंचं अर्धं राहिलेलं वाक्य माझ्या डोक्यात तेव्हा पुरं झालं. वैजयंतीने माझ्याकडे पाहिलं. अरुणाने ओव्हनकडे पाहिलं. आणि जिन्यात चपला वाजल्या.

पोहे करायला वेळ नव्हता. केक बाहेर आला. दिसायला देखणा, सोनेरी, गुबगुबीत. सुधीरच्या आईंनी पहिला घास घेतला आणि चावायच्या थांबल्या.

"यात काय घातलंय?"

"लंडनची साखर," मी म्हणालो.

"लंडनला असा वास असतो?"

"हवा दमट आहे तिथली."

सुधीरचे वडील मात्र डोळे मिटून चघळत होते. "मी अकरा वर्षं रत्नागिरीला होतो, नोकरीला," ते हळूच म्हणाले, आणि बायकोची नजर चुकवून बशी पुढे केली. "अजून एक द्या. वेलची छान लागलीय."

पंधरा मिनिटांत लग्न ठरलं. माझी गादी त्याच रात्री आत आली. साखर मऊ ठेवता येणाऱ्या माणसाला काय अशक्य आहे?

आता एवढी शपथ घेतलीच आहे म्हणून सांगतो. यात एकच जागा मी रचलेली आहे. वडिलांचा दुसरा तुकडा. खरं म्हणजे त्यांनी पहिलाच तुकडा नाकापर्यंत नेला आणि सन्मानाने बशीत परत ठेवला. बोलला तो एकटा सुधीर. "मी केमिस्ट असलो तरी स्वयंपाकघरातलं मला काही कळत नाही," तो म्हणाला. "मी तिकडे जातच नाही." अरुणाने तिथल्या तिथे होकार दिला.

पाहुणे गेल्यावर वैजयंतीने तिला विचारलं, "अगं, सहा जण नाकारलेस, आणि याच्यात असं काय पाहिलंस?"

"ताई," अरुणा म्हणाली, "भाऊजींच्या घरात राहिल्यावर मुलगी दुसरं काय मागणार?"