गोविंदअण्णांचं करंजेल

गोविंदअण्णा टकलाला करंजेल चोपडून सिटी बसमध्ये चढले, की अख्खं बाकडं त्यांना मोकळं मिळे. "बघा अक्का, या तेलाचा हाही एक गुण!" असं ते मला अभिमानानं सांगत. त्यांचं वय सत्तर, माझं पंचवीस. तरी अक्का मीच.

बंगळूरच्या शिवाजीनगरात, बायको गेल्यापासून, ते आमच्या शेजारी एकटेच राहत. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, त्यामुळे मराठीत कन्नडची फोडणी. कॉलेजात औषधशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. खोड तेवढी गेली नव्हती. रस्त्यावर होंगेच्या, म्हणजे आपल्या करंजाच्या, शेंगा पडल्या की पिशवी घेऊन हजर. बिया घाण्यावर देत आणि तावडीत सापडेल त्याला ऐकवत, "आमची आजी बैलांच्या खरजेला हेच लावायची. ह्यात करंजीन असतंय, किड्यांचा काळ! पण लावायचं, प्यायचं नाही. पोटात विष!" नवी बाटली आधी स्वतःच्या दंडावर लावून बघत, मग आम्हा पामरांना.

त्या वर्षी माझे तळहात सोरायसिसनं भेगाळले होते. हा रोग लागत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण ते इमारतीतल्या बायकांना कोण सांगणार? पुण्याहून नुकतीच आलेली मी हात ओढणीत लपवून वावरे. अण्णांच्या नजरेतून ते सुटलं नाही. वाटी घेऊन आले आणि स्वतःच माझ्या तळव्यांना तेल चोळू लागले.

"अण्णा, मी लावते ना."

"स्वल्प गप बसा, अक्का."

डोळ्यांत पाणी आलं ते वासानं, असं मी त्यांना सांगितलं.

भेगा पुढे भरल्या. गुण तेलाचा की डॉक्टरांच्या मलमाचा, देव जाणे. मी अण्णांची जन्माची ऋणी आहे ती त्या संक्रांतीसाठी.

तिळाचे लाडू वळून मी घरोघर गेले होते. "आत्ताच खाल्लं हो," "उपास आहे," असं म्हणत सगळ्यांनी गोड बोलून वाटेला लावलं. भरला डबा घेऊन परतताना जिन्यात अण्णा भेटले. मी डबा पुढे केला. त्यांनी डब्यात हात घातला नाही, तळवा पसरला.

"हातानं द्या."

मी लाडू ठेवला. ते तिथंच पायरीवर बसून सावकाश खाऊ लागले.

"आमच्या सरोजाचे हात असेच होते," ते म्हणाले. "तिच्या हातचं खाणारा शेवटी मी एकटाच उरलेलो." त्यांनी पुन्हा तळवा पसरला. "आणखी एक द्या, अक्का."