‘फाटकाचा बदला’ गेला कुठे?

“वहिनी, माझे डोळे हे नुसते डोळे नाहीत, दोन सरकारी कचेऱ्या आहेत. समोरून गेलेली एकही गोष्ट नोंद झाल्याशिवाय पुढे सरकत नाही.”

“आणि नोंद झालेली कधी सापडत नाही,” चैताली म्हणाली. “आधी उठा भाऊजी. समर्थच्या केळ्यावर बसलायत तुम्ही.”

तिचा धाकटा दीर बुद्धभूषण उठला आणि पँटला लागलेल्या केळ्याकडे भिंगातून बघू लागला. ओझरला विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका वर्कशॉपात तो नट-बोल्टांवरचे ओरखडे शोधायचा. आठवडाभर ओरखडे शोधले की सुट्टीच्या दिवशी गुन्हेगार. आजवर दोन मोठी रहस्यं त्याच्या नावावर जमा होती. एक, वॉचमनची चोरीला गेलेली शिट्टी, जी वॉचमनच्याच गळ्यात निघाली. दुसरं, चौथ्या मजल्यावरून येणारी अमानवी घरघर. ती मिक्सरची होती. पण दोन्ही वेळा मिक्सर आणि वॉचमन या दोघांनाही घाम फुटला होता, असं तो शपथेवर सांगायचा.

आजचं प्रकरण मात्र खरं होतं.

झालं असं होतं. पाथर्डी फाट्याच्या त्यांच्या तक्षशिला सोसायटीत महिनाभर एकच वाद पेटला होता. तीन भागांत निघालेल्या सिनेमांत आजवरचा सगळ्यात भारी कुठला? सनी आणि त्याच्या टोळीतली पोरंटोरं ‘शनीचे सैनिक’च्या बाजूने. त्याच्या तीन भागांत मिळून एवढे ग्रह फुटतात, की शेवटी लढायला जागाच उरत नाही. पूजाताईंचा गट ‘सनई’चा. पहिल्या भागात लग्न ठरतं, दुसऱ्यात मोडतं, आणि तिसऱ्यात काय होतं ते पूजाताई अजून कुणाला पूर्ण सांगू शकलेल्या नाहीत, मध्येच रडू येतं. तिसरा गट समोरच्या विंगमधल्या झुंबरकाकांचा. हे मनमाडला रेल्वेत होते, आता रिटायर. त्यांचं मत ‘फाटक’ला. पहिला भाग ‘बंद फाटक’, दुसरा ‘उघडं फाटक’, तिसरा ‘फाटकाचा बदला’. या गटात झुंबरकाका एकटेच होते.

“काका, तिसऱ्या भागात हिरो फाटकाला मिठी मारून रडतो म्हणे,” सनी पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला होता.

“रडतो. मग?”

“लोखंडाच्या फाटकाला, काका!”

“तू मोबाईल फुटला तेव्हा रडला होतास. तो काय मांसाचा होता?” काकांनी विचारलं होतं, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते, “पहिला भाग कुणीही चांगला काढतो रे. तिसऱ्यात कळतं, माणसाकडे सांगायला काही होतं, की फक्त उरलेलं होतं.”

तेव्हा ठरलं की प्रत्येक गटाने आपला तिसरा भागच दाखवायचा. पार्किंगमध्ये पांढरी चादर लावून रविवारी संध्याकाळी. मग हात वर करून निकाल. सनीचा झाला, पूजाताईंचा झाला. आज काकांचा. आणि ‘फाटकाचा बदला’ शोधूनही कुठल्या मोबाईलवर मिळत नव्हता. तो फक्त काकांकडच्या डीव्हीडीवर होता, आणि डीव्हीडी घेणारा जुना लॅपटॉप अख्ख्या सोसायटीत फक्त चैतालीकडे.

काकांनी गुरुवारी ती तबकडी तिच्या हातात दिली. डबी नव्हती, नाव केव्हाच पुसलेलं. “जपून,” एवढंच म्हणाले. तिने चालवून पाहिली, सुरू झाली, आणि फ्रिजवर ठेवून दिली. औषधं, कात्री, काडेपेटी, जे जे म्हणून समर्थच्या हाती लागू नये ते सगळं फ्रिजवर. आज सकाळी बघते तर औषधं होती, कात्री होती, तबकडी नव्हती.

तिचा समर्थ पावणेदोन वर्षांचा. त्याने गेल्याच आठवड्यात एक नवी विद्या शिकली होती. स्टूल ओढत न्यायचं, त्यावर चढायचं आणि हाताला लागेल ते खिडकीच्या गजांतून खाली सोडायचं. आतापर्यंत पळी, बापाचा मोजा आणि टीव्हीचा रिमोट खाली गेले होते. चैतालीने उजाडतानाच खालची झुडपं धुंडाळली. पळी मिळाली. तबकडी नाही.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. नवरा मनमाडला ड्यूटीवर. आणि रोज सकाळी ती ऑनलाइन शिकवण्या घ्यायची, तेव्हा समर्थ झुंबरकाकांकडे असायचा. पोराला दुसऱ्याच्या हाती देऊन दर पंधरा मिनिटांनी फोन करणारी चैताली काकांना मात्र फक्त दोनदा करायची. काकांची एकुलती जपलेली वस्तू आपल्या पोराने खिडकीतून फेकली, हे त्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि मग उद्या पोराला कुठे ठेवायचं?

“वहिनी, चेहरा का पडलाय?” बुद्धभूषण म्हणाला. “गुन्हेगार संध्याकाळच्या आत तुमच्या पायाशी. चला, समर्थला घ्या.”

समर्थच्या कपाळावर टेंगूळ होतं. काल दुपारी भिंतीवर नाचणारा कवडसा धरायला धावला आणि टेबलाच्या कोपऱ्यावर आपटला होता. चैतालीने त्याला कडेवर घेतलं, पाण्याची बाटली घेतली, जादा चड्डी घेतली, आणि तपास निघाला.

पहिला संशयित सनी खाली बाइकशी खटपट करत होता.

“हात दाखव!” बुद्धभूषणने भिंग रोखलं. “चंदेरी कण! तबकडीचा वर्ख!”

“रंग आहे भूषणदादा. सायलेन्सरला मारतोय.”

“सायलेन्सर! म्हणजे गुन्हा आवाज न करता केला.”

सनीने चैतालीकडे पाहिलं. “ताई, यांना घरात कोंडायची सोय नाही का?”

“दाराला आतून कडी आहे,” चैताली म्हणाली. “उघडता येते त्यांना.”

दुसरा संशय पूजाताईंवर. त्या जिन्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी गोल, चपटं नेताना दिसल्या, आणि बुद्धभूषणने दोन्ही हात पसरून वाट अडवली.

“गोल! चपटं! गुंडाळलेलं! पूजाताई, कशी काय हिंमत झाली?”

“नाचणीचे पापड आहेत. आईकडून आणलेत, विंचूरहून.”

“हे सिद्ध करावं लागेल.”

पूजाताईंनी एक कच्चा पापड त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो भिंगातून पाहिला, उन्हात धरला आणि शेवटी चावला. “पापडच आहे,” तो थोडा नाराज होऊन म्हणाला. “पण मीठ जास्त आहे. कुणीतरी काहीतरी लपवतंय.”

तिसरा सिद्धांत जिन्यातच जन्मला. “वहिनी! खरा गुन्हेगार तोच, ज्याची वस्तू हरवली! काकांना माहीत आहे की तिसरा भाग भिकार आहे. सगळ्यांसमोर दाखवला तर नाक कापलं जाणार. मग? वस्तूच गायब करा!”

“भाऊजी, नका. काकांना अजून कळलंही नाहीये. मला नीट सांगू द्या.”

पण भाऊजींनी बेल वाजवली होती. दारात झुंबरकाका, आत कुणी नाही. विमलाकाकू वंदनेला विहारात गेल्या होत्या. समर्थने काकांकडे झेप घेतली, काकांनी त्याला झेललं, आणि त्याच वेळी बुद्धभूषणने घसा साफ केला.

“जय भीम काका. माझे डोळे या दोन सरकारी कचेऱ्या आहेत. शुक्रवारी मी काकूंचा डबा परत द्यायला आलो होतो, तेव्हाच मला या घरात काहीतरी संशयास्पद जाणवलं होतं. सांगा, तबकडी चैतालीवहिनींकडून हळूच परत आणून कुठे लपवलीत?”

काकांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग चैतालीकडे. “हरवली?”

“काका, मी शोधतेय…”

“हरवली,” काका स्वतःशीच म्हणाले. रागावले असते तर चैतालीला बरं वाटलं असतं. त्यांनी समर्थला तिच्या कडेवर परत दिलं. “आज मला जरा बरं नाही. उद्याचंही बघू.” आणि दार लावलं.

उद्याचंही बघू! म्हणजे उद्या शिकवणीच्या वेळी समर्थ कुठे?

“पाहिलंत?” बुद्धभूषण कुजबुजला. “दार लावताना हात थरथरला. गुन्ह्याची कबुली!”

“भाऊजी, आता एक शब्द बोललात तर मी तुम्हालाच खिडकीतून सोडेन.”

दुपारी बुद्धभूषण सोफ्यावर वरणभात जिरवत सिद्धांत तपासत होता. चैताली सिंकमध्ये ताटं घासत होती आणि काकांना काय सांगायचं ते मनात जुळवत होती. तेवढ्यात तो ओरडला, “वहिनी! इशारे!”

भिंतीवर काल पडला होता तसाच कवडसा. गोल, लखलखीत, कडेला इंद्रधनुष्याची झाक. तो भिंतीवरून सरकला, छताला गेला, परत आला आणि बुद्धभूषणच्या कपाळावर थांबला.

“कुणीतरी समोरून आरशाने संदेश पाठवतंय. एकदा लांब, दोनदा आखूड. लिहून घ्या. ‘माल… हलवा… गोदा…’ गोदावरीत टाकणार आहेत! चला, रामकुंडावर पहारा ठेवू!”

चैतालीने संदेश ऐकलाच नाही. तिला स्टूल ओढल्याचा आवाज आला होता. कवडसा खिडकीच्या चौकटीवर गेला, आणि त्याच्यामागे समर्थ स्टुलावर, एक पाय गजांत. ती साबणाच्या हातांनीच धावली आणि तिने त्याला कमरेतून उचललं. “चांदोबा,” समर्थ समोर बोट दाखवून म्हणाला.

समोर काकूंची गॅलरी. पारव्यांनी घाण करू नये म्हणून काकूंनी दोरीला जुन्या तबकड्या टांगल्या होत्या. त्यांचं बघून निम्म्या सोसायटीने टांगल्या होत्या, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी बघेनासं झालं होतं. त्यातली एक नवी होती, बाकीच्यांपेक्षा जरा पुढे लटकलेली, आणि वाऱ्यावर गरगर फिरत चैतालीच्या घरात ऊन फेकत होती.

रहस्यबिहस्य चैतालीच्या डोक्यात नव्हतंच. पोराला कडेवर मारून ती तरातरा समोरच्या विंगमध्ये गेली. विमलाकाकू विहारातून आल्या होत्या, लुगडं बदलून भाजी निवडत बसल्या होत्या.

“काकू, तेवढी एक तबकडी आत घ्या हो. समर्थ तिच्या उजेडामागे खिडकीवर चढतो. माझा जीव जातो.”

“घेते की बाई.” काकूंनी उठून दोरा सोडला. “पर तूच तर धाडली व्हती ना ही?”

“मी?”

“शुक्रवारी. माझ्या डब्यावर ठेवून. मी जिन्यात सगळ्यांना सांगून ठेवलं व्हतं, कुनाकडं जुन्या असल्या तबकड्या असतील तर द्या, पारवे लय माजलेत म्हणून.”

“काकू, डब्यात रव्याचे लाडू होते.”

“डबा तर रिकामा व्हता! म्हणूनच मला वाटलं. चैताली काय रिकामा डबा धाडनारी बाई नाय. आपल्यात रिकामा डबा कुनी परत देत नाय. मंग म्हटलं, घाईत काय करायला जमलं नसंल, त्याच्याऐवजी तबकडी धाडली पोरीनं.”

तबकडीच्या मागून एक ओला पांढरा पारव्याचा शिक्का चैतालीकडे बघत होता. आणि तिच्या मागून, धापा टाकत, बुद्धभूषण आला होता.

“भाऊजी,” चैताली अगदी हळू आवाजात म्हणाली, “शुक्रवारी मी तुम्हाला म्हटलं, फ्रिजवरचा डबा काकूंना द्या.”

“दिला की.”

“त्यावर तबकडी होती.”

“ती तबकडी होती?” बुद्धभूषण थबकला. “मला वाटलं, माश्या बसू नयेत म्हणून वर झाकण आहे.”

“आणि लाडू?”

कचेऱ्यांनी कामकाज बंद केलं. “ते… आत काय आहे याची खात्री करणं भाग होतं,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “एका लाडवाने खात्री होईना.”

आतल्या खोलीच्या दारात झुंबरकाका केव्हाचे उभे होते. त्यांनी पुढे येऊन तबकडी हातात घेतली, नखाने पारव्याचा शिक्का खरवडला, आणि भांड्यांच्या साबणाने ती धुवायला लागले.

संध्याकाळी पार्किंगमध्ये चादर लागली. सिनेमा सुरू झाला, आणि सनी म्हणाला होता तितका वाईट नव्हता. त्याहून वाईट होता. हिरो फाटकाला मिठी मारून रडला. मग फाटकही रडलं, म्हणजे त्याच्यावरून पाणी ओघळलं. पोरं तोंडात रुमाल कोंबून हसत होती. पूजाताई मात्र डोळे पुसत होत्या, कारण त्या कुठेही पुसतात. विमलाकाकूंना पहिल्या गाण्यालाच डुलकी लागली होती.

मग मनमाड स्टेशन आलं. गाडी सुटायला निघाली, आणि गॅलरीत पारव्याच्या चोचीने तबकडीवर जिथे ओरखडा पडला होता तिथे चित्र अडकलं. चादरीवर, फलाटाच्या टोकाला, एका रेल्वेवाल्याची पाठ. हात वर, हातात हिरवा झेंडा.

“ओरखडा,” बुद्धभूषण म्हणाला. या एका बाबतीत तो कधी चुकायचा नाही.

चैताली लॅपटॉपशी झटापट करू लागली. चित्र हलेना. या गडबडीने काकू जाग्या झाल्या, चादरीकडे पाहिलं आणि ताठ बसल्या.

“अगं बया! ही पाठ तर आमच्या घरातली हाय!”

सगळी सोसायटी मागे वळली. झुंबरकाका खुर्चीत अवघडून बसले होते.

“काका, तुम्ही?” सनी उठून उभा राहिला. “महिनाभर भांडलो आपण. सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर म्हणाला असतास, म्हातारा स्वतःसाठी भांडतोय.”

“आन् मला?” काकू खवळल्या. “मला का नाय सांगितलं इतकी वर्षं?”

“दर वेळी दाखवायला बसवतो,” काका म्हणाले. “दर वेळी तू याच्या आधी झोपतेस.”

हसू एवढं उठलं की समर्थ दचकून रडला. चित्र अजून अडकलेलंच होतं, आणि कुणीच ते पुढे ढकलायची घाई केली नाही. सनीने त्या झेंड्याकडे पाहिलं. “काका, सिनेमा भिकार आहे,” तो म्हणाला. “तिसरा भाग तर महाभिकार. पण आमच्या शनीवर आपल्या सोसायटीतलं कुणी नाही.” आणि त्याने हात वर केला. मग पूजाताईंनी. मग सगळ्यांनी.

“मित्रांनो!” बुद्धभूषण खुर्चीवर चढला. “या प्रकरणाचा छडा कसा लागला, ते मी आता थोडक्यात…”

“खाली उतर रे,” झुंबरकाका म्हणाले. रडणाऱ्या समर्थला त्यांनी चैतालीच्या हातून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि थोपटू लागले. पोरगं गप्प झालं. “उद्या दहाला पाठव याला. आणि लाडवांचा डबा तू स्वतः घेऊन ये, पोरी. सरकारी कचेऱ्यांच्या हाती देऊ नकोस.”