अक्षताची आठ खान्यांची पट्टी

"नुसतं बोट फिरवा सर, यंत्र मुकाट्यानं ऐकतंय का न्हाई बघा! न्हाई ऐकलं तर नाव बदलीन माझं!"

अक्षता एकदा असं बोलली की तिच्या मंगळवार पेठेतली माणसं विषय सोडून देत. तिचे साहेब विश्वजित मात्र विषय सोडणाऱ्यातले नव्हते.

त्यांची कंपनी जनावरांच्या गोठ्यांसाठी यंत्रं बनवायची. यंत्राच्या पोटात आठ बिट. बिट म्हणजे काय, तर एक खाना. चालू नाहीतर बंद, तिसरी भानगड नाही. एक खाना पंख्यांचा, एक फवाऱ्याचा, एक दिव्यांचा, एक भोंग्याचा, एक गेटचा, असे आठ. प्रत्येक खान्याची किंमत आदल्याच्या दुप्पट: एक, दोन, चार, आठ... आजवर हे खाने बदलायला त्या किमतींची बेरीज करून आकडा टाइप करावा लागे. पंखे आणि फवारा हवा तर तीन टाका, त्यात दिवे हवेत तर सात टाका! गिऱ्हाइकं वैतागून म्हणायची, "आम्ही म्हशी पाळल्यात वो, पाढे न्हाईत!"

म्हणून अक्षतानं पट्टी बनवली. टॅबलेटवर ओळीनं आठ देखणे चौकोन. बोट लावलं की हिरवा, पुन्हा लावलं की करडा. आणि खरी करामत पुढंच! बोट ओढत नेलं की वाटेतले सगळे खाने एका दमात पालटायचे. त्या ओढण्यापायी तिनं जेवणाची शुद्ध ठेवली नव्हती.

"अगं, तयार चौकोन फुकट मिळतात की!" साहेब म्हणाले. "हा उपद्व्याप कशाला? हे बघ, कागलच्या अमरसिंहांच्या गोठ्यावर दाखव. त्यांनी पास केली तर प्रत्येक यंत्रावर तुझीच पट्टी. न्हाई केली तर पट्टी कचऱ्यात, आणि तू परत बिलांच्या सॉफ्टवेअरवर."

बिलं! त्यापेक्षा अक्षतानं रोज कारल्याचा रस आनंदानं प्याला असता.

ती कागलला पोचली तेव्हा अमरसिंह कपाळाला हात लावून बसले होते. दिवाळी पाडवा तोंडावर आलेला. पाडव्याला म्हशी नटवायच्या आणि सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलमागं पळवायच्या, ही आपल्याकडची रीत. आणि त्यांची लाडकी चंद्री यंदा गोठ्याबाहेर पाऊल टाकायला तयार नव्हती.

"गाडी फुरफुरवून फुरफुरवून सगळी गल्ली उठवली," ते म्हणाले, "पण ही बया उठंना! आणि तुमी ह्यात आणखी पट्टी घेऊन आलाय!"

"दादा, एकदा बोट तर लावून बघा की!" अक्षतानं टॅबलेट स्टँडवर चढवला.

अमरसिंहांनी बोट पुढं केलं, तेवढ्यात आतून त्यांच्या आई चिमणाबाई ताट घेऊन आल्या. "थांब रं! नवं यंत्र हाय. पूजा झाल्याबिगर हात लावायचा न्हाय!"

अक्षता खूश! कंपनीला पाठवायला फोटो मिळणार. तिला वाटलं, कोपऱ्यात कुंकवाचं एक बोट लावतील. पण चिमणाबाईंना असलं कंजूष काम माहीत नव्हतं. त्यांनी वाटीतल्या ओल्या कुंकवात बोटं बुडवली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत झोकात ओढली.

नेमकी पट्टीवरून!

आठच्या आठ खाने हिरवे! पंखे घरघरले. फवाऱ्यानं अमरसिंहांना इस्त्रीच्या सदऱ्यासकट नखशिखांत न्हाऊ घातलं. गेट खडखडत उघडलं आणि भोंगा बोंबलायला लागला.

"आई, काय केलंस गं हे?"

"पूजा!" चिमणाबाई ठणकावून म्हणाल्या.

अक्षता ओढणी घेऊन पुसायला धावली. पट्टी बनवताना तिनं सगळ्याचा विचार केला होता, फक्त ओल्या ओढणीचा नाही. ओढणीतून बोट जसंच्या तसं पोचलं. इकडून तिकडं पुसलं, सगळं बंद. तिकडून इकडं पुसलं, सगळं चालू! ती जितकी घासेल तितका भोंगा तुटक तुटक ओरडे, "भों! भों! भों-भों-भों!" हुबेहूब सायलेन्सर काढलेल्या दहा गाड्या एकदम!

चंद्रीनं कान टवकारले. उठली. शेपूट वर केलं!

आणि नेमके त्याच वेळी, डेमो कसा चाललाय बघावं म्हणून, विश्वजित साहेब आपल्या बुलेटवरून उघड्या गेटात हजर झाले. समोरून येणारी चंद्री आणि तिच्यामागचा सगळा गोठा बघून त्यांनी गाडी अशी वळवली, की तसली वळवणी कागलनं पुन्हा बघितली नाही.

"पळाली! माझी चंद्री पळाली!" अमरसिंह ओलेचिंब होऊन नाचायला लागले. चिमणाबाईंनी तिथंच नारळ फोडला. कागलच्या रस्त्यांतून साहेब पुढं, म्हशी मागं! लोक शिट्ट्या मारत होते, कुणी ओरडत होतं, "पावणं, एक नंबर! अजून थोडं ताणा!"

साहेबांना गावातला दुसरा रस्ता ठाऊक नव्हता. ते वळसा घालून परत गोठ्यातच घुसले आणि म्हशीही मागोमाग आत. तोवर अक्षतानं काच कोरडी केली होती. तिनं दीर्घ श्वास घेतला आणि गेटच्या चौकोनावर एकच बोट टेकवलं. गेट बंद! भोंग्यावर टेकवलं, भोंगा गप्प! काय ते आज्ञाधारक खाने! तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"नादच खुळा!" अमरसिंह गरजले. "पट्टी पास! माझ्या सगळ्या पावण्यांच्या गोठ्यात हीच बसवा!"

म्हशींच्या घोळक्यात अडकलेल्या साहेबांनी चंद्रीच्या पाठीवरून मान वर काढली. "बसव तुझीच पट्टी, प्रत्येक यंत्रावर," ते म्हणाले.

अक्षता त्या दिवशी मंगळवार पेठेत अशी चालली, जणू चंद्रीला तिनंच जन्म दिला होता. पाडव्याला चंद्री अशी पळाली की अमरसिंहांनी हवेत उडवलेला फेटा सोहळाभर खाली आला नाही.

दिवाळीनंतर अक्षता यंत्राची तपासणी करायला कागलला गेली. गोठ्यातला स्टँड रिकामा! भिंतीवर जुनेच स्विच, आणि गेटला दोरी.

"दादा, पट्टी कुठं हाय?"

"आधी पायातलं काढ पोरी," चिमणाबाई म्हणाल्या आणि तिला आत घेऊन गेल्या. देव्हाऱ्यात जोतिबाच्या शेजारी टॅबलेट उभा होता. वर झेंडूचा हार. आठही खान्यांवरून ताजं कुंकू.

"लई जागृत हाय," अमरसिंहांनी हात जोडले. "रोज सकाळी पाया पडतो."

"आणि... गोठा कशावर चालवताय?"

"त्याला स्विच हायत की! पंखा लावायला देवाला कुठं उठवायचं?"