घरघंटीच्या कपाळावर पाच बोटं

हात कसाही असो, माझा नॉब ओळखणारच! ओला असो, तेलकट असो, पिठाने माखलेला असो, नाहीतर कोपरापर्यंत बांगड्या चढवलेला असो. असं मी आमच्या देवदत्त सरांना छाती ठोकून सांगितलं होतं. छाती ठोकायला काय लागतं, आपलीच असते.

मी नितेश. अंधेरीच्या एका छोट्या कंपनीत यंत्रांचे डिस्प्ले बनवतो. घरघंटी माहीत आहे ना, घरच्या घरी दळण काढायची ती कपाटासारखी गिरणी? तिच्या पुढच्या अंगाला एक पडदा आणि पडद्यावर बसवलेला गोल नॉब, हे माझं काम. दिसायला साधा, पण आत कडेने तांब्याच्या पातळ पट्ट्या. बोट जवळ आलं की पट्टीवरच्या विजेत किंचित फरक पडतो आणि तेवढ्यावरून त्याला कळतं, बोटं किती, कुठे, कुठल्या दिशेने चालली आहेत. एक बोट टेकवलं की बारीक दळण. कडेने बोट फिरवलं की भरड. चिमटीत धरलं की बंद. आणि पाची बोटं टेकवली की सफाई, म्हणजे आतला पंखा बेफाम सुटतो आणि उरलंसुरलं पीठ बाजूच्या नळीतून कापडी पिशवीत जातं.

घाटकोपरचे चंद्रप्रकाश शेठ घरघंट्यांचे मोठे व्यापारी. त्यांना हा नॉब घरात, खऱ्या स्वयंपाकघरात चालताना बघायचा होता. म्हणून दसऱ्याच्या दिवशी आमच्या मुलुंडच्या घरी यायचं ठरलं. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, शेठना पसंत पडला तर प्रोजेक्ट तुझा, नाही पडला तर उद्यापासून सर्व्हिसला. सर्व्हिस म्हणजे हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकून विरार ते अंबरनाथ लोकांच्या शिव्या खात फिरणं. मी ते पूर्वी केलंय. पुन्हा करणार नव्हतो, काही झालं तरी!

सकाळी शेवटची चाचणी घेतली, सगळं झकास चाललं. मग सर आणि शेठ यांना आणायला खाली गेलो. वर येऊन बघतो तर घरघंटीला झेंडूचा हार, पुढ्यात नारळ, आणि नॉबवर ओल्या कुंकवाची पाच बोटं ओढलेली. शेजारी माझी आई, नलिनीबाई, समाधानाने हात पुसत उभी.

"नवीन वस्तू, त्यात दसरा," ती म्हणाली. "कपाळ कुठलं ते कळेना, मग म्हटलं हेच असणार."

मी प्लग लावला मात्र, घरघंटी भोंग्यासारखी ओरडायला लागली. पडद्यावर ठसठशीत अक्षरं, सफाई. बरोबरच होतं तिचं. पाच बोटं टेकवा म्हणजे सफाई, हे मीच तिला शिकवलं होतं. आता कुंकवाची पाच बोटं तिथे कायमची टेकून बसली होती! नशीब, आत पीठ नव्हतं. मी प्लग ओढला, फडकं घेतलं आणि नॉबकडे वळलो.

आईने मनगट धरलं. चिडली की ती थेट मालवणीवर उतरते.

"मेल्या, सणासुदीचा कुंकू पुसतंस?"

शेठनीही मान डोलावली. सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मला विरार दिसायला लागलं.

पण मी हटलो नाही. लॅपटॉप जोडला आणि नॉबला समजावलं, बाबा रे, हे कुंकू म्हणजे कोणी नाही, ह्याच्यावर जे टेकेल तोच हात. पटलं त्याला! मग पडदा आपोआप बारीक-भरड, बारीक-भरड करायला लागला. पाणी मारलेला हार छताच्या पंख्याच्या वाऱ्यावर झुलत नॉबला घासत होता. हार काढायची सोय नव्हती, आई तिथेच उभी होती. मी पंखा बंद केला. ऑक्टोबरचा उकाडा, बंद स्वयंपाकघर आणि आत चार माणसं. सगळे घामाने थबथबलो, पण नॉब शहाण्यासारखा वागायला लागला.

चकलीची भाजणी घातली. एक बोट, बारीक. फिरवलं, भरड. चिमूट, बंद. शेठनी स्वतः करून बघितलं, डब्यातली भाजणी बोटांत चोळली आणि पहिल्यांदाच हसले. सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. जिंकलो रे, असं मी मनात म्हणतोय, तेवढ्यात शेठ निघायला म्हणून उठले. त्यांचं लक्ष कुंकवाकडे गेलं. भाविक माणूस. त्यांनी घामेजलेला उजवा पंजा अख्खाच्या अख्खा नॉबवर टेकवला आणि कपाळाला लावला.

सफाई!

आणि नळीला पिशवी नव्हती. पूजेआधी यंत्र स्वच्छ हवं म्हणून आईने ती धुऊन खिडकीत वाळत घातली होती. आतली उरलेली भाजणी सुटली ती थेट शेठच्या अंगावर. मी नॉब चिमटीत धरला, दोन्ही हातांनी धरला, काही उपयोग नाही. शेठच्या घामाने कुंकू भिजून सगळ्या पट्ट्यांवर पसरलं होतं, त्यात माझी चिमूट कोण विचारतो! शेवटी आईनेच प्लग ओढला.

शेठ उभे होते. कपाळाला कुंकू, बाकी सगळी भाजणी. आई त्यांना पदराने झटकत माफी मागत होती. सर भिंतीकडे बघत होते. मी मनातल्या मनात हत्यारांची पिशवी शोधायला लागलो होतो.

"हे चालू कोणी केलं?" शेठनी विचारलं.

"तुम्ही, शेठ. नमस्कार केलात ना," मी म्हणालो.

ते नॉबवरच्या कुंकवाकडे वळले. मग मिशीवरची भाजणी पुसत म्हणाले, "माझं प्रत्येक गिऱ्हाईक मशीन घरी नेल्यावर पहिलं हेच करणार. कुंकू, हार, नमस्कार. तुझ्या नॉबला हात कळतात, घर कळत नाही. ते शिकव, मग माल घेतो."

म्हणजे वाचलो! सर्व्हिस टळली, प्रोजेक्ट माझ्याकडेच राहिला. तेव्हापासून मी रोज सकाळी अंधेरी स्टेशनबाहेर झेंडूचा हार घेतो, ऑफिसात घरघंटीला घालतो, कुंकवाची पाच बोटं ओढतो आणि दिवसभर नमस्कारामागून नमस्कार करून बघतो. फुलवाला मला मोठा भक्त समजतो. आई शेजारणींना सांगते, नितेश आता देवाधर्माला लागला. हात कसाही असो, ओळखणारच म्हणत होतो ना मी? ते यंत्र अजून माझा नमस्कार ओळखत नाही. काल पुन्हा सफाई सुरू झाली, आणि पिशवी लावायला या वेळी मीच विसरलो होतो.